वरमाईनं बोटॉक्स कधी घ्यावं?

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘मी ५१ वर्षांची, जुळे सोलापूरला राहते. मुलाचं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. मे महिन्यात साखरपुडा झाला. त्याच्या सगळ्या फोटोंत मी रागावल्यासारखी दिसते, दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेघा आहेत ना, त्यामुळं. मुलीकडच्या एकीनं तर तिथंच विचारलं, “विहीणबाई चिडल्यात का ओ?” मी हसण्यावारी नेलं, पण मनातून जात नाही. पुण्याच्या नणंदेनं बोटॉक्स घेतलंय, ती म्हणते घेऊन टाक. आमच्या भागातल्या एका पार्लरमध्ये डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिबिर आहे, बाहेरगावाहून डॉक्टर येणार म्हणे. मला लग्नाच्या चार दिवस आधीची तारीख मिळाली आहे. पार्लरवाली म्हणते, जितकं जवळ घ्याल तितका ग्लो ताजा. कपाळ आणि डोळ्यांच्या कडा धरून पॅकेज आहे, दोन हजार आगाऊ भरलेत. मला बीपीची गोळी आहे, शिवाय हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ राहायची एक छोटी गोळी चालू ठेवलीय. गुडघ्यासाठी अधूनमधून दुखणं थांबायची गोळी घेते. घरात कुणाला सांगितलेलं नाही. काय करू?’

ताई,

चार दिवस आधी अजिबात नको. घ्यायचंच असेल तर ऑक्टोबर संपायच्या आत घ्या. तुमचं पत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आलंय, त्यामुळं वेळ हातात आहे. तेवढ्यात नाहीच जमलं, तर या लग्नापुरता तो विषय बाजूला ठेवा.

पार्लरवालीचा हिशेब फेशियलचा आहे. फेशियल आज केलं की उद्या चेहरा तुकतुकीत दिसतो, आठवड्यानं पुन्हा होता तसा. बोटॉक्सनं ग्लो येत नाही. ते त्वचेला काही लावणं नव्हे, खालच्या स्नायूला दिलेलं इंजेक्शन आहे. आपण आठी घालतो तेव्हा भुवयांना एकमेकींकडे आणि खाली ओढणारे छोटे स्नायू आकसतात. त्यांना आकसायचा निरोप मज्जातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनामार्फत मिळतो. बोटॉक्समधलं बोट्युलिनम टॉक्सिन ते रसायन सुटणंच अडवतं. निरोप पोचत नाही, स्नायू सैल राहतो, वरच्या कातडीला घडी पडायची थांबते.

आता हे सगळं सुई टोचली की लगेच होत नाही. दोन-चार दिवसांनी फरक जाणवायला लागतो आणि पूर्ण परिणाम दिसायला १० ते १४ दिवस लागतात. पुढं तीन-चार महिने तो टिकतो, मग स्नायू हळूहळू पूर्ववत काम करायला लागतो. म्हणजे तुमच्या शिबिराच्या तारखेनं बघितलं तर अक्षता पडताना औषध अर्ध्या वाटेवर असणार. कधी एका बाजूचा स्नायू आधी सैल पडतो, दुसऱ्या बाजूचा नंतर. दोन आठवड्यांनी ते बहुतेक वेळा सारखं होतं, पण फोटोग्राफर दोन आठवडे थांबणार नाही. आज ज्या फोटोंत तुम्ही चिडलेल्या दिसता, त्याऐवजी एक भुवई वर करून संशयानं बघताय असे फोटो यायचे. विहिणींना ते जास्तच लागेल.

शिवाय नीळ. कपाळात आणि डोळ्यांच्या कडेला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. सुई कितीही बारीक असली आणि हात कितीही सराईत असला तरी एखादी वाहिनी लागते आणि तिथं काळंनिळं पडतं. जायला आठवडा, कधी दहा दिवस. तुमच्या त्या रक्त पातळ राहायच्या गोळीमुळं तुमच्याबाबतीत ही शक्यता जास्त आहे. चार दिवसांची नीळ पिवळट-हिरवी व्हायला लागलेली असते. हळदीच्या दिवशी खपूनही जाईल ती, पण दुसऱ्या दिवशी मेकअपवालीला तिच्यावर थरावर थर द्यावे लागतील.

खरा मुद्दा मात्र दुरुस्तीचा आहे. लग्नातला ब्लाऊज आपण आदल्या दिवशी शिंप्याकडून आणत नाही. बाही उसवायची, पाठ घ्यायची वेळ येणार हे गृहीत धरून पंधरा दिवस आधी मागतो. इथंही तसंच. चांगला डॉक्टर पहिल्यांदा येणाऱ्या बाईला हात राखून औषध देतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतो. तेव्हा तुम्हाला आठी घालायला लावून बघतो आणि कमी वाटलं तिथं थोडं वाढवतो. जास्त पडलेलं मात्र काढता येत नाही. त्याला उतारा नाही, अंमल उतरेपर्यंत थांबावं लागतं.

नणंदेनं कदाचित न सांगितलेली एक गोष्टही माहीत असू द्या. भुवयांच्या मधे दिलेलं औषध क्वचित पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत सरकतं आणि एक पापणी अर्धवट खाली येते. औषधाच्या माहितीपत्रकात चाचण्यांमधला हा आकडा साधारण शंभरात तीन असा दिलेला आहे. सराईत हातात तो कमी असतो, पण शून्य नसतो. सहसा पहिल्या एक-दोन आठवड्यांत हे दिसतं आणि काही आठवड्यांत आपोआप जातं. डॉक्टर डोळ्यांत घालायला थेंब देतात, त्यानं पापणी थोडी उचलली जाते, इतकंच. आयुष्यात पहिल्यांदा ही सुई घेणाऱ्या बाईनं घरच्या कार्याच्या तोंडावर ती घेऊ नये असं मी म्हणते ते यासाठी. तुमचा चेहरा या औषधाला कसा वागतो हे अजून कुणालाच ठाऊक नाही, तुम्हालाही नाही.

तर तुमचं वेळापत्रक असं लागतं. या आठवड्यात डॉक्टरांना फक्त दाखवून या. सुई ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. फेरतपासणी नोव्हेंबरच्या मध्याला, थोडं वाढवायचं असेल तर तेव्हाच. त्यानंतर लग्नाला तीन-चार आठवडे उरतात; वाढवलेल्याचा परिणाम बसायला आणि नीळ जायला ते पुरेसे आहेत. मेकअपची ट्रायल या फेरतपासणीनंतरच ठेवा, कारण भुवयांची ठेवण किंचित बदलते आणि मेकअपवालीनं आधी ठरवलेली रेघ नंतर बसत नाही. ऑक्टोबरअखेरचा परिणाम जानेवारीच्या शेवटापर्यंत सहज पुरेल. सत्यनारायण त्यात आला आणि सूनबाईंची पहिली संक्रांतही आली. हलव्याचे दागिने घातलेल्या सुनेशेजारी सासूचा फोटो निघतोच, वर गड्ड्याच्या जत्रेत सगळ्या पाहुण्यांनी मिळून काढलेले सेल्फी वेगळे.

पण ताई, सुईच्या आधी डोळे तपासून घ्या. गंमत करत नाही. तुमच्या वयाला जवळचं धूसर दिसायला लागलेलं असतं आणि बऱ्याच बायका चष्मा पर्समध्ये ठेवून मोबाइल डोळे बारीक करून वाचतात. त्यात तुमचा साखरपुडा मे महिन्यातला. सोलापूरच्या मेच्या उन्हात मांडवाबाहेर फोटोला उभं केलं तर शंकराचार्यांच्याही कपाळाला आठी पडेल. डोळे बारीक करायला जे स्नायू लागतात, त्यातलेच काही तुमच्या त्या रेघा पाडतात. नंबर बदललेला असेल आणि चष्मा आला तर अर्धी आठी तशीच कमी होईल. आणि नंतर बोटॉक्स घेतलंच तर त्या स्नायूंना पुन्हा पुन्हा ओढलं जायचं कारण उरणार नाही. दुचाकीवर जाता-येता गॉगल लावा. डोळे तपासायला सुईच्या मानानं खर्च किरकोळ आहे आणि त्यातून बिघडत काहीच नाही.

अपेक्षाही बेताची ठेवा. आरशासमोर उभ्या राहा, चेहरा सैल सोडा, काही हावभाव करू नका. तरीही रेघ दिसते का? चेहरा हलवल्यावरच उमटणारी रेघ बोटॉक्सनं छान जाते. शांत चेहऱ्यावरही कोरलेली रेघ फिकी होते, पुसली जात नाही. एकावन्नव्या वर्षी दोन्हींचं थोडं थोडं मिश्रण असतं. ‘मग खड्डा भरून टाकू’ असं म्हणून कुणी त्याच बैठकीत भुवयांमध्ये फिलर सुचवलं तर नाही म्हणून उठा. फिलर म्हणजे कातडीखाली भरायचं जेल, ती वेगळी वस्तू आहे आणि भुवयांमधली जागा तिच्यासाठी चेहऱ्यावरच्या सगळ्यांत धोक्याच्या जागांपैकी एक आहे. ते रक्तवाहिनीत गेलं तर नजर जाऊ शकते.

पॅकेजचंही तसंच. तुमची तक्रार दोन रेघांची, मग कपाळ कशाला? कपाळाचा स्नायू भुवया वर उचलून धरतो. पन्नाशीत पापण्या थोड्या जड झालेल्या असतात आणि आपण नकळत त्या स्नायूच्या जोरावर डोळे उघडे ठेवतो. तो सैल केला की आडव्या रेघा जातात, पण भुवया खाली बसतात आणि चेहरा झोपाळल्यासारखा दिसतो. चिडलेली नको म्हणून आलात आणि पेंगुळलेली होऊन गेलात, यात काय मिळवलं? पहिल्या खेपेला फक्त भुवयांच्या मधली जागा करा. बाकीचं पुढं बघू.

गोळ्यांबद्दल नीट वाचा. रक्त पातळ राहायची गोळी नीळ पडू नये म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. एक दिवसही नाही. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. बहुतेक ते चालूच ठेवा म्हणतील आणि मग थोडी नीळ पडली तर पडू दे. म्हणूनही महिनाभराचं अंतर हवं. गुडघ्यासाठी घेता ती गोळी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी असेल तर सुईच्या आधी आठवडाभर तिच्याऐवजी पॅरासिटॅमॉलवर भागतं का हे डॉक्टरांना विचारा. त्या गोळ्यांनीही रक्त यायचं प्रमाण वाढतं, आणि खरं तर बीपीच्या माणसानं त्या मनानं घेऊच नयेत, पण तो वेगळा विषय. संध्याकाळी पापण्या जड होणं, एकाचे दोन दिसणं असा त्रास कधी झाला असेल, मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल, नुकतीच जेंटामायसिन किंवा अमिकॅसिन या प्रतिजैविकांची इंजेक्शनं झाली असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. वाचणाऱ्यांत एखादी गर्भवती किंवा अंगावर पाजणारी असेल तर तिनं हा विचारच आता करू नये.

डॉक्टर कुठला? नणंद पुण्याला बोलावेल. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळच्या हुतात्मानं परत येता येतं, हे खरं. पण दोन आठवड्यांनी पुन्हा जायचंय आणि मधे काही वाटलं तर फोनवर चेहरा दाखवून भागत नाही. लग्नघरात एवढी ये-जा तुमच्यानं होणार आहे का? सोलापुरात त्वचारोगाचे शिकलेले डॉक्टर आहेत, प्लास्टिक सर्जन आहेत. त्यांच्यापैकी जो हे नियमित करतो त्याच्याकडे जा. नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर बघता येते आणि ती बघण्यात संकोच कसला? मुलीच्या स्थळाची चौकशी आपण याहून जास्त करतो.

शिबिराला माझा विरोध आहे तो पार्लर आहे म्हणून नाही. तो डॉक्टर संध्याकाळी गाडीत बसून जाणार, आणि तुमची पापणी आठव्या दिवशी खाली आली तर पार्लरवाली काय करणार? दुसरं, हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये ठेवायचं असतं. भुकटीच्या रूपात येतं आणि देण्याआधी सलाइनमध्ये विरघळवतात. कुपी तुमच्यासमोर उघडायला सांगा. नाव, बॅच, मुदत वाचा, हवं तर फोटो घ्या. किती युनिट (या औषधाचं माप) देणार ते विचारा. बोटॉक्स नावाच्या औषधाचं भुवयांमधलं ठरलेलं प्रमाण २० युनिट, पाच ठिकाणी मिळून. डिस्पोर्ट नावाच्या दुसऱ्या औषधाचं त्याच जागेसाठी ५०. म्हणून ‘आमच्याकडे जास्त युनिट देतात’ या जाहिरातीला अर्थ नाही, कुठल्या औषधाचे ते आधी कळलं पाहिजे. पातळ करून पुरवलेलं औषध महिन्याभरात उतरतं. बनावट असेल तर त्याहून वाईट. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्स घेतलेल्या काही बायकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि तिथल्या सरकारी यंत्रणांनी इशारा काढला. सुईनंतर कधीही गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला जड वाटलं तर क्लिनिकची वाट न बघता सरळ मोठं रुग्णालय गाठायचं.

औषध स्वतः नवं नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. कॅनडातल्या कॅरुथर्स या डॉक्टर दाम्पत्यानं, त्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टर असलेल्या पत्नीच्या रुग्णांच्या आठ्याही जाताहेत हे बघून, १९९२ मध्ये त्यावर निबंध लिहिला. भुवयांमधल्या रेघांसाठीची अमेरिकेतली मान्यता २००२ ची. तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही, घाई करण्यासारखंही नाही.

त्या दिवसाचं थोडक्यात. पोट रिकामं ठेवून जाऊ नका, एकादशी असेल तर दुसरा दिवस घ्या. काम दहा-पंधरा मिनिटांचं. नंतर चार तास आडवं व्हायचं नाही, दिवसभर कपाळ चोळायचं-दाबायचं नाही. आणि इथं आपल्या बायकांची खरी अडचण: टिकली नेमकी तिथंच लावतात. ती दाबून चिकटवायची म्हणजे सुईच्या जागेवर बोट आलं, वर गोंद. कुंकूही नको. दुसऱ्या सकाळपर्यंत कपाळ मोकळं ठेवा. सासूबाईंनी विचारलं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, खोटं नाही ते. एक दिवस चुलीपुढं किंवा गॅसपुढं बसून भाकऱ्यांची चळत थापणं टाळा, व्यायाम टाळा, वाकून फरशी पुसणं तर टाळाच. भुवया कोरून घ्यायच्या असतील तर सुईच्या आधी दोन-तीन दिवस, नाहीतर आठवडाभर थांबून. फेशियल दोन आठवड्यांनी. केळवणांना मात्र खुशाल जा.

घरच्यांना सांगायचं का? यजमानांना सांगा. तुम्हाला हृदयाची गोळी चालू आहे. कुठलंही इंजेक्शन घेताय तर घरातल्या एका माणसाला माहीत हवं, मग त्यांना ते पटो न पटो. सुनेला, विहिणींना सांगायची गरज नाही. ‘चिडल्यात का ओ’ म्हणणाऱ्या बाईसाठी मात्र हे करू नका. ती डिसेंबरात दुसरं काहीतरी काढेल. आरशात बघून तुम्हाला स्वतःला ती रेघ नकोशी वाटत असेल तर करा, आणि नसेल तर त्याच पैशांत एक इरकल घ्या. मला तरी ती जास्त आवडेल.

राहता राहिले ते दोन हजार. आजच पार्लरमध्ये फोन करा, हृदयाची गोळी चालू असल्यानं शिबिरात घ्यायचं नाही असं ठरवलंय म्हणून सांगा आणि पैसे परत मागा. नाहीच म्हणाली तर त्या पैशांत लग्नाआधीचं फेशियल आणि केस करून द्या म्हणा. ते तिचं काम आहे आणि त्यासाठी लग्नाच्या चार दिवस आधीची तारीख अगदी योग्य आहे.